गाडीतला तानपुरा

आवाज पहिल्यांदा कोणाला ऐकू आला यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बायको म्हणते, तिने २०२२ च्या जुलैतच सांगितलं होतं. माझ्या हिशेबाने तो गणपतीच्या आदल्या आठवड्यात सुरू झाला, शिरवळहून येताना. तिने सांगितलं तेव्हा मी "रस्ताच तसला आहे" म्हणून काच वर केली होती, एवढं मात्र मला कबूल आहे.

गाडी २०१४ ची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, तेव्हा ७८ हजार किलोमीटर झालेली. आम्ही साताऱ्यात राहतो. गावात फिरताना काही कळायचं नाही, कारण गावात चाळीसच्या वर काटा जातोच कुठे? हायवेला लागलं आणि पंचेचाळीस ओलांडले की सुरू. आधी लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी असा, साठला गुरगुर, ऐंशीला कानात भरून राहणारी घूंऽऽ. मध्येच काँक्रीटचा पट्टा आला की रस्त्याच्या आवाजात तो मिसळून जायचा आणि मला वाटायचं, गेला. डांबर लागलं की हजर.

मला यंत्रातलं थोडंफार कळतं असा माझा समज आहे. रविवारी बसलो शोधायला. सुरुवात फार चांगली झाली. गल्लीत हळू चालवताना एक बारीक टिक-टिकही येत होती. माझ्या टायरवर १७५/६५ आर १४ असं माप लिहिलेलं आहे, त्यावरून चाकाचा घेर साधारण १.८३ मीटर निघतो. ताशी वीसने गेलो तर चाक सेकंदाला तीन वेळा फिरणार. बायकोला घड्याळ धरून मोजायला बसवलं. सेकंदाला बरोबर तीन. म्हणजे चाकाच्या एका फेरीला एक टिक, म्हणजे चाकाला काहीतरी चिकटलंय किंवा घुसलंय. पाचव्या मिनिटाला मागच्या उजव्या टायरच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हरने करंगळीच्या नखाएवढी खडी काढली. टिक-टिक बंद. मी खूश. संध्याकाळी हायवेला गेलो, तर घूंऽऽ आपली होती तिथेच.

मग जॅक काढला. चाक वर घेतलं, गाडी जॅकवरून घसरलीच तर भार पडावा म्हणून गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखाली स्टेपनी सरकवली आणि टायर वरून-खालून दोन्ही हातांनी धरून हलवला. चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग गेलं असेल तर चाक असं हलवल्यावर खुळखुळतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. चारही चाकं पाहिली. एकातही प्ले नाही. वहीत लिहून ठेवलं : "बेअरिंग – नाही." त्याखाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघांनी पुढचे दोन महिने खाल्ले.

बेअरिंग नाही म्हटल्यावर उरले टायर. मागच्या टायरवर तळहात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीच्या दात्यांसारखं अडकत होतं. टायरवाल्यालाही तेच दिसलं. "साहेब, टायरला लहरी आल्यात. हाच आवाज." त्याने पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले. आवाज बदलला! आता खरखर थेट पायाखालून येऊ लागली. माझ्या दृष्टीने हा पुरावा होता. टायरची जागा बदलली, आवाजाची जागा बदलली, आणखी काय पाहिजे? दोन नवे टायर घेतले, ९,२०० रुपये, बॅलन्सिंग धरून.

त्या संध्याकाळी पाचवडपर्यंत जाऊन आलो. खरखर खरोखरच गेली होती. मागे राहिली ती घूंऽऽ, आणि आता ती आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येत होती. शेजारच्या घरातलं भांडण थांबावं आणि त्यामागचा मिक्सर ऐकू यावा, तशी. म्हणजे आवाज एक नव्हताच. दोन होते, आणि खडीचा धरला तर तीन. टायरवाला खोटं बोलला नव्हता. त्याचा आवाज त्याने काढून दिला होता. माझा वेगळाच निघाला.

टायर लगेच बदलले याचा मला राग नाही, बदलायला झालेच होते. राग आला तो पुढच्या पायरीचा. नाव सांगत नाही, पण एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. पांढरा शर्ट घातलेला एक तरुण शेजारी बसला. एसी फुल, त्याचा फोन दोनदा वाजला, आम्ही तीन किलोमीटर फिरलो. "पाचव्या गिअरला जास्त येतोय सर, गिअरबॉक्सचं बेअरिंग." अरे बाबा, पाचव्या गिअरला जास्त येतोय कारण पाचव्या गिअरला गाडी जास्त पळतेय! हे मी मनात म्हणालो. तोंडाने "अंदाज द्या" म्हणालो. अंदाज आला ३४ हजारांचा, आणि खाली बारीक अक्षरात, उघडल्यावर आणखी काही निघाल्यास वेगळे.

त्यानंतर पंधरा दिवस मी गाणी मोठ्याने लावून गाडी चालवली. हाही एक उपाय असतोच.

ऑक्टोबरच्या अखेरीस मावशीला पुण्याला न्यायचं होतं. मोतीबिंदूची तपासणी. मावशीने चाळीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या घेतल्या, पेटी आणि गायन. आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान अजून असे की स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी उतरली तर बाहेरून सांगते, रिंग बदला म्हणून. ती पुढे बसली, बायको मागे. नुकतंच पाणी पिऊन ती काहीतरी गुणगुणत होती आणि सुरूर गाव गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ती गाडीच्या आवाजावर सा लावून गुणगुणतेय.

"मावशी, हा आवाज ऐकू येतोय ना तुला?"

"अरे, मघापासून तानपुरा लावलाय तू. फक्त मेला एका जागी राहत नाही."

मला एकदम काहीतरी सुचलं. काटा साठवर धरला आणि म्हटलं, आता हा सा धर. तिने धरला. हळूहळू ऐंशीवर नेलं. "हा मध्यम." रस्ता मोकळा होता, नव्वदला नेलं. "हं. पंचम. थोडासा उतरलाय." काटा पाहिला तर अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच होता.

ज्यांना गणितात रस आहे त्यांनी करून पाहावं. साठला ऐंशी म्हणजे चारास तीन, आणि षड्जाला शुद्ध मध्यम नेमका तेवढाच. साठला नव्वद म्हणजे तीनास दोन, तो पंचम. वेग जितक्या पट, आवाजाची पट्टी तितक्याच पट. मग साठवर ठेवून चौथ्यातून पाचव्यात टाकली. इंजिनचा आवाज खाली आला, मावशी म्हणाली, सा तिथेच आहे. क्लच दाबून धरला, गाडी वाहत गेली, सा तिथेच. मावशीने इंजिनला सोडून दिलं, एवढं नक्की. ३४ हजारांचा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यातच होता. तो बाहेर काढून फेकावा असं तेव्हा वाटलं, पण घाई झाली असती. गिअरबॉक्सच्या आतलेही काही भाग थेट चाकांना जोडलेले असतात, ते चाकांच्याच तालावर फिरतात. हे मला नंतर आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी सांगितलं.

पुढे खंबाटकीचा बोगदा. तेव्हा पुण्याकडे जाताना बोगद्यातून जावं लागायचं, येताना घाट. मी एसी बंद केला आणि आधी फक्त डावीकडची काच खाली केली, मग ती बंद करून फक्त उजवीकडची. बोगद्यात आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यावरून बाजू कळेल असा माझा विचार. डावीकडून मोठा आला. बायको मागून म्हणाली, "पण आपण डाव्या भिंतीला चिकटून चाललोय ना?" बरोबरच होतं. ती परीक्षा रद्द. तिच्या मते आवाज मागून उजवीकडून येत होता, सीटला कान लावून तिने तसं ठरवलं होतं. माझ्या मते तो मधूनच कुठूनतरी येत होता. मावशी म्हणाली, "कुठून येतोय ते मला विचारू नका. काय येतोय ते विचारा."

बोगद्यातून बाहेर पडलं की उतारावर ते एस वळण लागायचं. अपघातांमुळे कुप्रसिद्ध असलेलं. तिथे मी नेहमीच जपून घ्यायचो. काटा पन्नासवर होता, काचा अजून अर्धवट उघड्या, आणि तिघंही गप्प, कान लावून बसलेलो. गाडी उजव्या वळणात गेली आणि घूंऽऽ एकदम वाढली, जवळजवळ घरघर झाली. डाव्या वळणात शिरली आणि बंद. पूर्ण बंद. दोन-तीन सेकंद फक्त वारा. सरळ झाली, पुन्हा सुरू.

"आत्ता तानपुऱ्याला हात कोणी लावला?" मावशीने विचारलं.

याचा अर्थ मला लगेच कळला असं सांगितलं तर खोटं होईल. उजवीकडे वळताना वाढतो म्हणजे उजवं चाक, असं मी पुण्यापर्यंत धरून चाललो होतो. एसटी वळताना आपण कुठे कलंडतो हे आठवलं असतं तरी पुरे होतं. गाडी उजवीकडे वळली की सगळा भार डावीकडे जातो. डाव्या चाकांवर ओझं आलं की डाव्या चाकातलं दुखणं बोलतं. डावीकडे वळलं की तेच चाक हलकं होतं आणि गप्प बसतं. टायरचा आवाज वळणावर असा पूर्ण बंद होत नाही, आणि गिअरबॉक्सला तर वळणाशी देणंघेणंच नाही.

हे सगळं मला सोमवारी मिस्त्रींनी समजावलं. त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, खाली खड्डा, दोन पोरं हाताखाली. वडिलांच्या स्कूटरपासून आमचं तिथे जाणं-येणं. आधीच का गेलो नाही? कारण आजकालच्या गाड्या त्यांना जमतील का, अशी शंका. ती शंका त्यांना कळली असावी. वळणाची गोष्ट ऐकून ते एवढंच म्हणाले, "मग सांगितलंय की गाडीनं. डावीकडचं."

"पण मी हलवून पाहिलं मिस्त्री, प्ले नाहीये."

"प्ले यायला लागला म्हणजे चाक निसटायची वेळ आली साहेब. आवाज आधी येतो, प्ले मागनं."

वहीतल्या दोन रेघा.

त्यांनी पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं, खाली आधाराची लोखंडी घोडी लावली, गाडी न्यूट्रल. मला म्हणाले, आत हात घाला आणि स्प्रिंग धरा. दाबू नका, नुसती बोटं टेकवा. मग दुसऱ्या हाताने त्यांनी चाक हळू फिरवलं. कानाला काही नाही. बोटांना मात्र लगेच कळलं. स्प्रिंगमधून बारीक कुरकुर येत होती, जात्यात धान्याबरोबर वाळू पडल्यावर खुंट्याला जाणवते तशी. चाकाच्या फेरीत एका ठिकाणी ती जास्त दाट व्हायची. मग उजवं चाक वर घेतलं, तिथली स्प्रिंग धरायला लावली. चाक फिरतंय हे बोटांना कळलंसुद्धा नाही, एक्सलचा किंचित जडपणा सोडला तर. पुन्हा डावं. मी तीनदा आलटून पालटून पाहिलं, इतकं ते मजेशीर होतं. स्प्रिंग म्हणजे पोलादाची सलग तार, चाकामागच्या शॉकअपवर बसलेली, सगळी थरथर तिच्यात उतरते. दोन महिने मी, बायको, टायरवाला आणि पांढरा शर्ट सगळे कानांनी शोधत होतो.

पोराने मागची दोन्ही चाकंही तशीच दाखवली. स्वच्छ. बायकोचं "मागून उजवीकडून" निकालात निघालं. मिस्त्री म्हणाले, पत्र्यातून आवाज कुठल्याही कोपऱ्यात जाऊन बसतो, लोक बहुतेक वेळा चुकीचंच चाक दाखवतात.

काम दुसऱ्या दिवशी झालं आणि मी रजा काढून थांबलो. गाडी चाकांवर उभी असतानाच मला ब्रेक दाबून बसायला सांगितलं आणि पोराने पान्ह्याला चार फुटी पाइप लावून एक्सलचा नट सैल केला. नटाची कड खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचलली. मग चाक काढलं. कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला टांगला, ब्रेकच्या नळीवर त्याचं वजन यायला नको म्हणून. मग डिस्क, एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर, टायरॉड, खालचा बॉलजॉइंट. शॉकअपचे दोन बोल्ट काढण्यापूर्वी मिस्त्रींनी खडूने खूण केली. शेवटी नकल, म्हणजे चाकाचा हब आणि बेअरिंग धरून ठेवणारा भाग, हातात आली, मातीने माखलेली.

बेअरिंग नकलमध्ये प्रेसने बसवलेलं असतं. हातोड्याने काढता येतं, बसवताही येतं, आणि बरेच लोक बसवतात. मिस्त्रींचं म्हणणं, हातोड्याने बसवलेलं सहा महिन्यांत परत येतं. म्हणून नकल घेऊन आम्ही एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे गेलो, त्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे. हब, म्हणजे चाक ज्याला बसतं तो मधला भाग, बाहेर आला तो बेअरिंगची आतली अर्धी रेस, म्हणजे गोळ्या जिच्यावरून पळतात ती कडी, अंगावर घेऊनच. ती घट्ट बसलेली. ग्राइंडरने तिला तिरपी चीर पाडली, हबला धक्का न लावता, आणि छिन्नीचा एकच घाव घातला. टण्. रेस तडकली.

ती मी रॉकेलमध्ये धुऊन घेतली. निम्मी रेस आरशासारखी. उरलेल्या भागात, गोळ्या जिथून पळतात त्या पट्ट्यात, बोटाच्या पेराएवढ्या लांबीत पोपडे निघालेले, देवीच्या वणांसारखे खड्डे. नखाने सुद्धा अडकत होतं. आणि आतलं ग्रीस! ते दुधाच्या चहाच्या रंगाचं झालं होतं.

"पाण्यात घातली होती का गाडी?"

जुलैत एका ओढ्याच्या फरशीवर अर्धा तास अडकलो होतो, चाकं निम्मी पाण्यात. तासभर पळून तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. बायकोचा जुलै बरोबर होता. मी तो विषय तिथे वाढवला नाही.

नवं बेअरिंग बसवताना दोन गोष्टी पाहायला मिळाल्या. एक, दाब फक्त बाहेरच्या रेसवर द्यायचा, त्यासाठी लेथवाल्याकडे मापाच्या कड्या होत्या. आतल्या रेसवर दाबलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि नवंकोरं बेअरिंग बसायच्या आधीच मरतं. दुसरी गोष्ट बाजूची. माझ्या गाडीत एबीएस चाकाचा वेग मोजतं ते बेअरिंगच्या एका कडेला असलेल्या चुंबकी पट्टीवरून. ती पट्टी काळ्या सीलसारखीच दिसते. उलटी बसली तर गाडी चालते, पण एबीएसचा दिवा कायमचा पेटलेला राहतो. मिस्त्रींनी खिशातून स्टेपलरची एक पिन काढली आणि दोन्ही कडांना लावून पाहिली. एका कडेला ती चिकटून राहिली. "ही आत."

बेअरिंग १,६५०, नवा नट ८०, प्रेस ३००, मजुरी ९००. नंतर अलाइनमेंट ४००, ती दुसरीकडे. शेवटचा नट त्यांनी गाडी खाली घेतल्यावरच टॉर्कच्या पान्ह्याने आवळला आणि कड ठोकली.

पाचवडपर्यंत तोच फेरा मारला. साठ, ऐंशी, क्षणभर नव्वद. टायर रस्त्यावर घासल्याचा आवाज, वाऱ्याचा आवाज, मागच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल काचेला लागतंय त्याचा आवाज. बाकी काही नाही. मी वही काढून जुन्या रेघांवर काट मारली आणि शेजारी तारीख घातली.

डिसेंबरात मावशीच्या दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा पुण्याला निघालो. पहिल्या डोळ्याच्या वेळचा गडद चष्मा लावून ती पुढेच बसली होती. बोगद्यात मी मुद्दाम काचा खाली केल्या. ती ऐकत राहिली. एस वळणही गेलं.

"मोडलास वाटतं तानपुरा," ती म्हणाली, आणि शिरवळ येईपर्यंत सूर न लावताच काहीतरी गुणगुणत बसली.